बाळाच्या गळ्यातलं नख

गव्हाणच्या देवजीला नखांचा नाद, तोही डायनासोरच्या. आता बोला! घरची मंडळी मासळीच्या धंद्यातली, हा जासईच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवणारा, आणि टीव्हीखालच्या कपाटात हे प्रदर्शन. बरीचशी नखं प्लास्टरची, शोभेची. खरी अशी दोनच. त्यातलं वीतभर लांब, काळंभोर, मोरोक्कोहून मागवलेलं नख म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यासोबत विकणाऱ्याने बोटभर मळकं नख वरकड म्हणून दिलं होतं, ते कोपऱ्यात पडून असे.

नातवाच्या बारशाला देवजी ड्युटीवरून आला, तर त्याची म्हातारी आई, भागी, बाळाच्या गळ्यात काळा दोरा बांधत होती. दोऱ्याला चांदीची टोपी आणि खाली तेच मळकं नख. देवजीने ते नख बोटांत धरून उलटंसुलटं केलं.

"आये, ह्याला भोक पाडलंस?"

"सोनारानं पाडलं. पोराला नजर लागू नये म्हून वाघनख नको? वाघाचं आता मिलत नाय, बंदी हाय. तुज्याकडं तर कपाटभर पडल्यात."

कोट्यवधी वर्षं जमिनीखाली शाबूत राहिलेली वस्तू भागीच्या हाती एक सकाळ टिकली नाही.  देवजीने दोरा सोडवला, मोठं नखही उचललं आणि तडक पनवेलला त्याच सोनाराकडे गेला. मोठ्याच्या बुडाची थोडी भुकटी काढून लहानाचं भोक बुजवायचं, बूड तसंही दिसत नाही आणि खऱ्यात खरंच भरलं जाईल, असं त्याच्या मनात होतं.

लहान नख पुन्हा बघताच सोनार वैतागला. "दगड आहे हो तो. माझ्या ड्रिलची एक सुई मोडली त्याच्यापायी."

मग त्याने मोठ्याच्या बुडाला ड्रिल लावलं. ते सुळकन आत गेलं आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. आतून पांढरंफटक. सोनाराने मशीन बंद केलं.

"हे ओतीव आहे," तो हळूच म्हणाला.

 इतकी वर्षं ज्याला पुसूनपासून जपलं, ते खोटं. खरं होतं ते एकच, आणि त्याला आरपार भोक. घरी येईस्तोवर त्याला काही सुधरत नव्हतं.

पाळण्याभोवती बाया जमल्या होत्या. भागीने त्याच्या हातातलं लहान नख घेतलं आणि बाळाच्या गळ्यात पुन्हा बांधलं. लेकाचा चेहरा बघून तिला वाटलं, अजून रागावलाय.

"नको रे रागवू," ती समजावत म्हणाली. "मोट्याला मी हातबी नाय लावला. तुजा जीव हाय ना त्येच्यात."