बारा बाटल्या पाणी आणि एक पेपर

परतूरच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल. पूर्वी माझ्याकडे नियतकालिकांचे गठ्ठे साचायचे, हल्ली किस्से साचतात. गठ्ठे रद्दीत तरी घालता यायचे. किस्से कुणी किलोवर घेत नाही, म्हणून मी ते भेटेल त्याला फुकट सांगतो.

यंदा संशोधनाच्या जर्नलांची वर्गणी पुन्हा वाढली. प्राचार्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "बंद करा. मागचे अंक आहेतच की, तेवढ्यात भागवू."

मी म्हणालो, "सर, सगळं ऑनलाइन आहे. वर्गणी थांबली की मागचंही बंद."

"मागच्याचे पैसे भरलेत ना आपण?"

"ते भाडं होतं, सर."

आमचे शिपाई कचरूमामा चहा ठेवत होते. यंदा रिटायर होतील, त्यामुळे कुणाला भीत नाहीत. म्हणाले, "पेपरवाला बंद केला तर घरात रद्दी तरी राह्यते. ह्यांचं तेबी न्हाई व्हय?"

वर्गणी त्याच दिवशी बंद झाली.

* * *

कॉलेजच्या वेबसाइटवर स्टाफची यादी टाकताना कुणीतरी सगळ्यांच्या नावामागे 'डॉ.' लावलं. आठवड्याभरात डॉ. कचरूमामांना परदेशातून ईमेल आला. आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावलो आहोत, आमच्या जर्नलच्या संपादक मंडळावर यावं, सोबत एक पेपर आणि फी पाठवावी.

मी त्यांना वाचून दाखवला. मामांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिथं चहा कोण करतं?"

* * *

आता खरी गोष्ट शेख मॅडमची. त्या केमिस्ट्री शिकवतात. दीड वर्षापूर्वी, दिवाळीनंतर, त्यांनी घनसावंगीकडच्या एका गावातून बारा बाटल्या पाणी आणलं. विहिरींचं आणि हापशाचं. त्यात फ्लोराइड किती, ते तपासायचं होतं. ते जास्त झालं की लेकरांचे दात पिवळे पडतात, पुढे हाडं धरतात.

हापशावर गयाबाई नावाच्या आजी होत्या. त्यांनी बाटली भरून दिली आणि बाटली हातातच धरून ठेवली.

"पाणी नेऊन राह्यलात, मंग निकाल कवा?"

"छापून आला की मी स्वतः आणून देते, आजी."

"मागं दोघं आल्ते. असंच म्हणून गेल्ते."

"मी येईन. जबान दिली."

मग आजींनी बाटली सोडली. मॅडमनी ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली आहे की आजींचा हात मला पाठ झालाय.

* * *

तपासणीवरचा मॅडमचा पेपर परदेशी जर्नलकडे गेला आणि सात महिने तिथेच बसला. मग दोन समीक्षकांची मतं आली. पहिल्याने लिहिलं होतं, इंग्रजी सुधारा. दुसऱ्याने लिहिलं होतं, पुढील तीन पेपरांचा उल्लेख करा. तिन्ही पेपर एकाच माणसाचे होते. तो माणूस कोण, हे ओळखायला पीएच.डी. लागत नाही.

पाण्याबद्दल दोघांनीही एक अक्षर काढलं नव्हतं.

मधल्या काळात त्याच जर्नलने मॅडमना दुसऱ्या कुणाचा पेपर तपासायला दिला. बाईंचे तीन रविवार गेले. मोबदला म्हणून सर्टिफिकेट आलं, ते प्रिंट करायचा कागद माझ्या लायब्ररीचा.

* * *

अखेर पेपर स्वीकारल्याचा ईमेल आला. खाली दोन चौकटी होत्या. फी भरलीत तर पेपर जगाला खुला. नाही भरलीत तर छापू, पण कुलपात. फीचा आकडा मॅडमनी मला बोटाने दाखवला, तोंडाने उच्चारला नाही.

त्यांनी सवलतीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं, सवलत गरीब देशांना आहे, आपला देश यादीत नाही.

प्राचार्य खूश झाले. "ही तर अभिमानाची गोष्ट आहे, मॅडम!"

मग कळलं की दिल्लीहून साऱ्या देशासाठी एकच वर्गणी भरायची योजना आली आहे. मी उड्या मारत यादी उघडली. ती सरकारी संस्थांची होती, आणि आमचं कॉलेज खासगी. म्हणजे गरिबांत आम्ही नाही आणि सरकारातही नाही. माझं डोकं इतकं फिरलं की त्या दिवशी मी दोन विद्यार्थ्यांवर विनाकारण ओरडलो.

मॅडमनी कुलपाची चौकट निवडली. पेपर छापून आला तेव्हा माझ्याच कॉम्प्युटरवर उघडायला बसल्या. स्क्रीनवर आलं, वाचायचं असेल तर कार्ड नंबर टाका.

"सर, ये मैंने लिखा है," त्या कॉम्प्युटरकडे बघतच म्हणाल्या.

कचरूमामा म्हणाले, "मॅडम, तेला आधार कार्ड दाखवून बघा."

कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मी आजींना काय नेऊन देऊ?"

* * *

पुढच्या रविवारी त्यांनी गावात पेंटर नेला. हापशाशेजारच्या पाण्याच्या टाकीवर मराठीत मोठ्या अक्षरांत तक्ता काढून घेतला. कोणत्या विहिरीचं पाणी प्यायचं, कोणतं फक्त धुण्याला. हापशासमोर लिहिलं, 'पिण्यास चालेल.' सरपंचांनी परवानगी दिली आणि रंगही दिला.

प्राचार्यांना फोटो दाखवला तर त्यांनी विचारलं, "प्रमोशनच्या फाइलला हे चालेल? याला जर्नलसारखा नंबर असतो का?"

* * *

एप्रिलअखेर मी आणि मॅडम त्या गावाला गेलो, रंग टिकलाय का बघायला. जीपवाल्याला म्हटलं, पाच मिनिटांत येतो.

रंग टिकला होता. तक्त्याखाली कोळशाने चार ओळी लिहिल्या होत्या. हापशावर गयाबाईंची सून होती. ती लाजून म्हणाली, "आत्याबाईला वाचता येत न्हाई. म्या सगळं वाचून दाखवलं, मंग त्यांनी सांगितलं आन् म्या लिव्हलं."

लिहिलं होतं:

'हे पाणी मागल्या सालच्या दिवाळीतलं हाय. आता हापसा लई खालून ओढतो. चव बदलली, दात शिवशिवतात. हे तपासलं का?'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. पर्समधून वही काढून शब्द न् शब्द उतरवून घेतलं. मग वळून जीपवाल्याला हाक मारली.

"भाऊ, जरा रुकना. गाडीत रिकामी बाटली है क्या?"