सुलोचनाबाईंचे तीन खिळे

सुलोचनाबाईंचा राग अख्ख्या वर्ध्याला ठाऊक होता. भाजीवाल्याने मापात लबाडी केली, तर त्या भर बाजारात त्याची तागडी उलटी करून दाखवीत आणि मग त्याच्याचकडून दोन किलो वांगी घेत. नवरा लक्ष्मणराव धाम पंप कंपनीत मुनीम होता. सत्तर साली तो तापाने गेला. तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी मालक मनोहरराव यांचा निरोप आला की, बाई मॅट्रिक आहेत, उधारीची वही सांभाळतील तर पगार चालू राहील. हे उपकार होते. मनोहररावांनी पुढे तेरा वर्षं बाईंना त्यांचा विसर पडू दिला नाही.

कंपनी म्हणजे स्टेशनापलीकडची टिनाची शेड, चाळीस माणसं आणि दिवसभर कानठळ्या. विहिरीवरचे पंप बनत आणि आर्वी, हिंगणघाट, अल्लीपूर अशा गावांच्या दुकानदारांकडे उधारीवर जात. दुकानदार विकून पैसे देई, ते आणायला तानबा एस.टी.ने गावोगाव हिंडे. आणि कोणाकडून किती येणं आहे, हे बाई लिहीत.

वही लिहिण्याची रीत लक्ष्मणरावांपासूनची. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजायची, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं आणि जुन्या वहीतली प्रत्येकाची बाकी एका आकड्यात नव्या वहीत ओढायची. तारीख घालायची पाडव्याची. कर्ज चार महिन्यांचं असो की चार वर्षांचं, पाडव्याच्या सकाळी ते नवं कोरं होऊन बसे. बाईंना हे पहिल्याच वर्षी खटकलं. पण नवऱ्याने घालून दिलेली रीत, आणि वहीची पूजा झालेली, तिच्यात ढवळाढवळ कोण करणार?

म्हणून त्यांनी टेबलामागच्या भिंतीत तीन लांब खिळे ठोकले. प्रत्येक बिलाची तिसरी, गुलाबी प्रत पहिल्या खिळ्यावर टोचायची. तीन महिने उलटले की ती दुसऱ्यावर, वर्ष उलटलं की तिसऱ्यावर. दर अमावास्येला सरकवासरकव. पैसे आले की कागद काढून फाडायचा, आणि तो फाडताना बाईंचा चेहरा कधी नव्हे तो खुलत असे. मनोहरराव हसत. म्हणत, "बाई, ही भिंत हाय का खाटकाचं दुकान?" पण वहीला न कळणारी गोष्ट भिंतीला कळत होती.

एकोणऐंशीत मनोहररावांचा साळा, बंडूजी, विक्रीवर आला. खिशात दोन पेनं, तोंडात पान, आणि उंटावरून शेळ्या हाकण्याची जन्मजात हातोटी. त्याच्या पहिल्याच दिवाळीला विक्री अशी वाढली की मनोहररावांनी पेढे वाटले. बाईंनी पेढा खाल्ला आणि पहिल्या खिळ्याकडे पाहिलं. नव्या कागदांतले निम्मे एकाच आठवड्याचे होते, दिवाळीच्या आधीच्या. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. आणि त्यातले बरेचसे कागद अमावास्येमागून अमावास्या सरकत तिसऱ्या खिळ्यावर जाऊन बसले. तो खिळा वजनाने वाकला, तेव्हा बाईंनी त्याच्या खाली आणखी एक आधाराला ठोकला.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर बँकेत नवे साहेब आले. कंपनीला बँक कर्ज देई ते या येण्यावरच. तीन महिन्यांच्या आतलं येणं जितकं जास्त, तितकं कर्ज जास्त. दर महिन्याला बाई त्याची यादी लिहीत आणि बँकेत पोचवीत. साहेबांनी चार वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि साधा प्रश्न विचारला: कारखान्यातून वर्षाला पंप तेवढेच निघतात, मग येणं एक लाखाचं अडीच लाख कसं झालं?

बंडूजीला उत्तर शोधायला एक पान पुरलं. "वसुलीचा माणूस पैसे खाऊन राह्यला," तो म्हणाला. "अठरा हजार तर अल्लीपूरकडचेच हाय."

तानबाला कळलं तेव्हा तो शेडच्या दारात उभा होता, पावतीपुस्तक छातीशी धरून. पोलिसात द्यायचा अर्ज टाइप झाला होता. पुढच्या सोमवारी अर्ज ठाण्यात जाणार होता. अठरा वर्षं एस.टी.च्या फळकुटावर बसून दुसऱ्याचे पैसे पोटाशी बांधून आणणारा माणूस, कधी चहाचे चार आणे जास्त लावले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बाईंची कानशिलं तापली.

येणं वाढलं की लोक लगेच वसुलीवाल्याकडे बोट दाखवतात. पण वसुली ढिली असती, तर सगळ्याच गावांचे कागद थोडे थोडे मागे पडले असते. इथे तिसऱ्या खिळ्यावर चारच दुकानदार होते, आणि कागद सगळे बंडूजीच्या अक्षरातले. बाईंनी शनिवारी अर्धी रजा टाकली आणि अल्लीपूरची गाडी धरली.

महादेवरावांचं दुकान मारुतीच्या देवळाजवळ. त्यांनी बाईंना पाणी दिलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. आत अकरा पंप होते. तणसात गुंडाळलेले, पेट्यांवरच्या पट्ट्याही न तोडलेले. एका पेटीवर कोंबडी अंड्यावर बसली होती.

"म्या मागवलेच नाई, बाई," महादेवराव म्हणाले. "बंडूजी दर दिवाळीले दोन-तीन आणून ठेवते. म्हणे, फक्त सही करा, विकले त पैसे द्या, नाई त राहू द्या. तानबा येते बिचारा, इचारते, पेट्या पाह्यते, वापस जाते."

"तानबानं हे मालकाले सांगतलं नाई?"

"दरसाल सांगते म्हणे."

बाईंनी त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं. परतीच्या गाडीत त्यांना बंडूजीचा राग आला, मग मालकाचा, आणि देवळी रस्त्याचे खड्डे लागेपर्यंत तो स्वतःकडे वळला. दर पाडव्याला जुनी बाकी नव्या तारखेने कोण ओढत होतं? बँकेच्या यादीत चार वर्षांचे न विकलेले पंप ताजं येणं म्हणून कोणाच्या अक्षरात लिहिले गेले? भिंतीवर खरं टांगलं आणि कागदावर रीत लिहिली. पूजेची वही म्हणून हात जोडले. बंडूजीने चोरी केली खरी, पण दार आपणच उघडं ठेवलं. संताप असा की उतरताना त्यांनी कंडक्टरलाही उगीच झापलं.

सोमवारी सकाळी त्यांनी महादेवरावांचा कागद मनोहररावांपुढे ठेवला. मनोहररावांनी तो वाचलाही नाही.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "काय करू? बाजारात दुसरे पंप आले. बँकेचा पैसा नाई आला त शनिवारी पगार कुठून देऊ? तुमी यादी नेहमीसारखी लिहा. मी तानबाचा अर्ज फाडतो. साहेबाले सांगू, हिशोबात चूक झालती."

"अन् पुढच्या दिवाळीले?"

"पुढचं पुढं."

"पुढच्या दिवाळीले येणं तीन लाख होईन, मालक. तवा आणखी एक चोर लागन."

मनोहररावांचा आवाज चढला. "लक्ष्मणरावाच्या मागं तुमचं घर कोणं चालवलं? कोणाचं मीठ खाल्लं तुमी?"

"तुमचंच खाल्लं," बाई म्हणाल्या. "पण माती नाई खाणार."

बाहेर तानबा उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "बाई," तो हळूच म्हणाला, "नोकरी राह्यते त मालक म्हणते तसं लिहून टाका ना. काऊन एवढं मनावर घेता?"

हे ऐकून बाईंना जो राग आला, तो आधीच्या सगळ्या रागांना पुरून उरला. ज्याच्यासाठी जीव टाकावा तोच दोर कापायला निघाला. पण त्याचं तरी काय चुकलं, घरी पाच तोंडं. त्या जाऊन टेबलाशी बसल्या.

मनोहररावांना वाचायचा कंटाळा. बँकेच्या कोऱ्या फॉर्मांवर ते वर्षभराच्या सह्या एकदमच करून ठेवत. बाईंनी त्यातला एक फॉर्म घेतला, खिळ्यांवरचे कागद उतरवले आणि संध्याकाळपर्यंत लिहिलं. प्रत्येक बिल, त्याची खरी तारीख, गाव, पंप विकला की पेटीतच आहे. तानबाने जे जे वसूल केलं ते ते पावतीच्या क्रमांकासकट. पाडव्याची तारीख एकाही ओळीत नव्हती. मग यादी स्वतः बँकेत नेऊन दिली. परत येऊन पक्कडीने तिन्ही खिळे, आधाराच्या खिळ्यासकट, उपटले, पिशवीत टाकले आणि घरी गेल्या.

साहेब स्वतः अल्लीपूरला जाऊन कोंबडी पाहून आले. तानबाच्या अर्जाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. बँकेने कर्ज तिसऱ्या हिश्श्यावर आणलं आणि आठ महिन्यांत शेडला कुलूप लागलं. चाळीस माणसं घरी बसली, त्यांत तानबा होता. बंडूजी मात्र नागपुरात फवारणीच्या औषधांच्या विक्रीवर लागला. असल्यांचं कुठेच अडत नाही. बाजारात लोक बाईंना पाहून तोंड फिरवीत. तानबाची बायको तर मोठ्याने बोले. बाई भाजीवाल्यांचे हिशोब लिहून पोट भरत.

चार वर्षांनी एका दुपारी तानबा दारात उभा राहिला. केस पांढरे झाले होते. आत ये म्हणेपर्यंत तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्याले वसुलीले माणूस पाह्यजे होता," तो म्हणाला. "मी गेलतो. शेठ म्हणे, तुया नावावर अठरा हजाराची बोंब झालती, ऐकलं. मी खाली मान घालून उभा. त मंग तोच म्हणे, मी बँकेत इचारून आलो. त्या बाईच्या यादीत तुया एक एक पैसा पावतीसकट लिहेल हाय."

"मंग?"

"उद्यापासून ये म्हणे."

बाईंनी चहा टाकला. तानबा आत आला, बसला, कप दोन्ही हातांत धरून राहिला.

"चार वर्षं म्या तुम्हाले शिव्या देल्या," तो म्हणाला. "पोट्ट्याची शाळा सुटली माया. तुमी तसं लिहून देल्लं नसतं त..."

"त काय?" बाईंनी विचारलं. त्यांचाही आवाज चढला होता.

तानबाने चहा संपवला. कप खाली ठेवला.

"त मी आजही चोर राह्यलो असतो," तो म्हणाला, आणि तेही रागानेच म्हणाला.