डब्याचा घाम

“डब्याला घाम आला की समजायचं, आपण घाई केली,” असं ती नव्या मुलींना सांगायची.

डबा सोल्डर पेस्टचा, म्हणजे डाख द्यायच्या कथलाच्या लगद्याचा. करड्या लोण्यासारखी ती पेस्ट फ्रीजमध्ये राहते. खोलीच्या उबेला यायच्या आत झाकण उघडलं तर हवेतलं पाणी आत जातं. मग सर्किट बोर्डावर पेस्ट लावून, त्यावर राईपेक्षा बारीक भाग बसवून बोर्ड भट्टीतून काढला, की भागांच्या कडेला कथलाचे मणी उडालेले दिसतात. बोर्ड वाया जातो.

सारा कारखाना तिला मावशी म्हणे. खरी भाची एकच. तिनेच शब्द टाकून कामाला लावलेली, अजून कच्ची. तिला कायम करायचं की नाही, ते याच आठवड्यात ठरणार होतं.

नियम घड्याळाचा होता, डबा फ्रीजबाहेर काढून ठरलेले तास थांबायचं; मावशीचा भरवसा स्वतःच्या हातावर. घरी नवऱ्याने गार पाणी मागितलं तरी म्हणायची, “थांबा, आधी माणसात येऊ दे त्याला.” तो म्हणायचा, “पाणी येईल गं, मी जाईन.”

त्या दुपारी तिने डब्याच्या बुडाला बोटं टेकवली. “आला माणसात. उघड.”

भाचीने उघडला.

बोर्ड भट्टीतून निघाले तेव्हा पलीकडची तपासनीस भिंगातून मान वर न काढता म्हणाली, “मणीच मणी. हार ओवा आता.”

साहेब आले. “डबा कोणी उघडला?”

“मी,” भाची म्हणाली. “ओलसर लागला होता हाताला. पण मावशी म्हणाली, उघड.”

“वा! मावशीवर ढकलतेस?”

“खरं बोलतेय ती,” मावशी म्हणाली. “माझी बोटं बधिर झालीत. गार-गरम कळत नाही हल्ली. कुणाला बोलले नव्हते.”

साहेब हसले. त्यात राग नव्हता. “मावशी, भाचीसाठी आता बोटंही देणार का? तुमचा हात चुकला असं मी वर सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील. हिला उद्यापासून नको.”

भाची मावशीकडे बघत राहिली. मशीन टकटक करत पुढच्या बोर्डावर भाग ठेवत होतं.

मावशीने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. मनगटावरचा, अंगातली वीज उतरवायला तारेने टेबलाला जोडलेला पट्टा सोडला. तो त्या उघड्या डब्याशेजारी नीट गुंडाळून ठेवला. टोपी काढली, कोट खुंटीला अडकवला आणि दोन मशीनमधल्या वाटेने, कुणाकडे न पाहता दाराबाहेर गेली.