तारे लावणारा लुत्फी

गल्लीतल्या लोकांचं लुत्फीबद्दल एकमत कधी झालं नाही. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा, हा माणूस नक्की गुप्त पोलिसात आहे. समोरचा इस्त्रीवाला म्हणायचा, कसला पोलीस, दुसऱ्या गावी याचं दुसरं बिऱ्हाड आहे. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, कायम कडक इस्त्रीच्या शर्टातला लुत्फी दर आठवड्याला लहानशी बॅग घेऊन अलेक्झांड्रियाबाहेर पडायचा आणि एक-दोन दिवसांत तितक्याच मुकाट्याने परत यायचा. इस्त्रीवाल्याचं बोलणं कानावर आलं की तो मनात हसायचा. इथे पहिल्या बिऱ्हाडाचाच पत्ता नव्हता, दुसरं कुठून आणायचं?

लुत्फी हॉटेलांना तारे लावायचा.

कैरोतली एक वेबसाइट हॉटेलच्या खोल्या स्वस्तात विकायची. तिची खुबी अशी की पैसे भरेपर्यंत हॉटेलचं नाव सांगायचं नाही. ‘चार तारे, समुद्राजवळ, निम्म्याहून कमी भाव’, बस, एवढंच. नाव नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक विसंबणार कशावर? ताऱ्यांवर. आणि तारे तरी कुणाचे? सरकारने दारावरच्या पितळी पाटीवर दिलेले वेगळे, हॉटेलवाल्याने स्वतःच स्वतःला लावून घेतलेले वेगळे, आणि वेबसाइटने सगळ्यांची गोळाबेरीज करून काढलेले वेगळेच. लोक चार तारे बघून पैसे भरायचे, दारात पोचल्यावर पाटीवर दोन दिसले की ऑफिसला फोन करून तोंड सोडायचे. ही तोंडं बंद व्हावीत म्हणून लुत्फीला ठेवलं होतं. साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं, राहायचं, आणि खरे तारे किती ते कळवायचं. आपण कोण ते सांगायचं नाही. ओळख वाढवायची नाही.

हे दुसरं त्याला जड गेलं नाही. त्याचं तरुणपण एका हॉटेलात हिशेब लिहिण्यात आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचं करण्यात गेलं. आई गेली, पुढे ते हॉटेलही बंद पडलं, आणि लग्नाचं कुणी विचारेनासं झालं. आता तो जन्मभर न परवडलेल्या गाद्यांवर झोपायचा. वेटर त्याच्या टेबलावरची समोरची ताटली उचलून न्यायचा. बाथरूममध्ये दोन टॉवेल असायचे, त्यातला एक घडी न मोडता राहायचा. स्वतःच्या घरी जाग आली की दिव्याचं बटण तो भलत्याच भिंतीवर चाचपायचा.

काउंटरवर कुणी काही विचारलंच तर सांगायचं ठरलेलं होतं. औषध कंपनीत आहे. घरी बायको आहे, समीहा, शाळेत शिकवते. त्यापुढे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

एका हिवाळ्यात कैरोच्या ऑफिसातून जिहानबाईंनी त्याला मर्सा मत्रूहला पाठवलं. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, पण हिवाळ्यात वारा आणि मांजरं सोडली तर कुणी नसतं. हॉटेलचं नाव ‘नौरस’, म्हणजे समुद्रपक्षी. वेबसाइटवर तारे चार. लुत्फीने बाहेरूनच ओळखलं की दोनाच्या वर एकही चालणार नाही. पांढरा रंग उडालेली तीन मजली इमारत, अरुंद जिना, काउंटरवर कुणी नाही. बऱ्याच वेळाने ओल्या पिशवीत मासळी घेऊन एक जाडसर म्हातारी धापा टाकत आत आली.

“आलात का? मी जरा कोळ्यांकडे गेले होते. कधीपासून उभे आहात?” तिने पिशवी काउंटरवरच ठेवली. “मी इनायत. मालकीण म्हणा, स्वैपाकीण म्हणा. हिवाळ्यात सगळं मीच. तुम्ही एकटेच?”

“एकटाच, हाज्जा,” वयस्कर बाईला तिकडे मानाने म्हणतात तसं तो म्हणाला. “औषध कंपनीच्या कामाने आलोय.”

“बायकोला नाही आणलंत?”

“समीहाला शाळा असते.”

“शाळा काय, रोजचीच आहे,” म्हातारी म्हणाली, आणि मासळी घेऊन आत गेली.

त्या दिवशी अख्ख्या हॉटेलात तो एकटा पाहुणा होता. जेवायला इनायतबाईंनी परतलेल्या कांद्याचा तांबूस भात आणि तळलेली मासळी वाढली, आणि मग समोरची खुर्ची ओढून स्वतःही ताटली घेऊन बसल्या. लुत्फी गडबडला. त्याच्यासमोर बसून कुणी जेवल्याला किती वर्षं झाली, ते त्याला आठवेना.

“माणूस एकटा जेवत असला की मला बघवत नाही,” त्या म्हणाल्या. “माझा मुलगा कुवेतला. म्हातारा जाऊन बरेच दिवस झाले. मग मी पाहुण्यांबरोबर जेवते. आवडत नसेल तर उठते.”

“नाही, नाही. बसा ना.” मग त्याला काम आठवलं. “हाज्जा, फोनवर लिहिलंय की इथे पोहायचा तलाव आहे.”

“तो वेबसाइटचा फॉर्म माझ्या भाच्यानं भरला. म्हणाला, मावशी, सगळ्याला हो म्हण, जितके हो तितके तारे. मी म्हटलं, दारात एवढा समुद्र आहे, मग पोहायची सोय आहे म्हटलं तर खोटं कसं?”

“आणि लिफ्ट?”

“लिफ्टचं मला विचारलं नव्हतं. मेल्यानं परस्पर लावली!”

लुत्फी हसला, मोठ्याने हसला. इनायतबाईंनी मात्र हसता हसता ताटली बाजूला सारली.

“पण एक सांगा उस्ताज, तुम्ही जग फिरता. हल्ली माणसं येतात तीच रागावून का येतात? मागे तांताहून एक नवी जोडी आली. पोरीनं जिना बघितला आणि रडायलाच लागली. मी असाच भात केला, मासे केले, पण रडणाऱ्याला कसली चव? न जेवताच गेली दोघं. दारात पाऊल टाकायच्या आधीच चिडलेली असतात माझ्यावर. मी काय केलंय त्यांचं?”

लुत्फीला उत्तर ठाऊक होतं. चार तारे विकत घेतलेला माणूस त्या जिन्याशी आला की त्याला आपण फसलो असंच वाटणार. पण हे बोलण्याची त्याला परवानगी नव्हती. तो भात खात राहिला.

मग त्यांनी समीहाबद्दल विचारलं, आणि लुत्फीला उत्तरं सुचत गेली. समीहाला खारट आवडतं. ती मांजरांना घाबरते. कपडे वाळत घालताना गुणगुणते आणि कुणी ऐकतंय असं दिसलं की थांबते. मूलबाळ नाही. हे सगळं आपण कुठून आणतोय ते त्याचं त्यालाच कळेना, पण सांगताना गोड वाटत होतं. चहा निवला तरी तो बोलतच होता.

सकाळी निघताना इनायतबाईंनी त्याच्या हातात एक बरणी दिली. “हे समीहाला. सिवाची ऑलिव्ह आहेत, मी मुरवलीत. खारट आवडतं म्हणालात ना? सुट्टी लागली की तिला घेऊन या.”

हॉटेलवाल्यांकडून काही घ्यायचं नाही, असा नियम होता. लुत्फीने बरणी घेतली आणि बसमध्ये सबंध रस्ता मांडीवर धरून बसला.

कैरोहून जिहानबाईंचा फोन आला. “दोन? लुत्फीसाहेब, चाराचे एकदम दोन?”

“लिफ्ट नाही. तलाव नाही. काउंटरवर कुणी नसतं.”

“अडीच करू या. दोन म्हणजे यादीच्या तळाला जाईल ते. म्हातारी आहे म्हणता, धंदा बसेल तिचा.”

“दोनच,” लुत्फी म्हणाला. “पण एक ओळ घाला. समुद्र दारात आहे, आणि मालकीण स्वतः रांधून वाढते.”

“तेवढ्याला जागा कुठे असते आपल्याकडे?” पण फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “बघते.”

लुत्फीला आपण त्या बाईचं अन्न खाऊन तिच्याच दारावरचे तारे उतरवले असं वाटत राहिलं. ऑलिव्हची बरणी बरेच दिवस टेबलावर तशीच होती. मग एका संध्याकाळी त्याने ती उघडली आणि भाकरीबरोबर थोडी थोडी करून संपवली.

आजारी माणसाचा ताप बघावा तसं तो रोज वेबसाइटवर ‘नौरस’ बघायचा; कामावरच्या माणसांना तिथे नावं दिसायची. आधी कितीतरी दिवस काहीच नाही. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मन्सूराच्या एका कुटुंबाने लिहिलं, ‘दोन तारे म्हणून नाक मुरडत आलो होतो. निघताना मुलं हाज्जाला सोडेनात.’ मग आणखी कुणीतरी भाताबद्दल लिहिलं. आणखी कुणी सकाळच्या समुद्राबद्दल. जिन्यावरून एकही जण ओरडला नव्हता. हॉटेल तेच, जिना तोच, भातही तोच. माणसं मनात काय धरून दारात येत होती, तेवढं बदललं होतं.

पुढच्या हिवाळ्यात लुत्फी मत्रूहला गेला तो कुणी पाठवलं म्हणून नव्हे. न कळवता गेला आणि खोलीचे पैसे काउंटरवर ठेवले. इनायतबाईंनी त्याला लगेच ओळखलं. चेहरा फुलला, आणि त्या त्याच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघू लागल्या.

“समीहा कुठेय?”

ती आजारी आहे म्हणता आलं असतं. शाळेचं कारण तर तयारच होतं. लुत्फी म्हणाला, “समीहा नाही, हाज्जा.”

त्यांनी छातीवर हात ठेवला. “अरेरे! देव तिला जवळ घेवो. कधी झालं हो?” आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

“तसं नाही. ती कधी नव्हतीच.”

मग उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. वेबसाइट, तारे, चाराचे दोन. त्या ऐकत राहिल्या. बाहेर वारा खिडकीचा पत्रा वाजवत होता.

“म्हणजे तारे तुम्ही काढलेत.”

“हो.”

“ते बरं केलंत. खोली आता स्वस्तात जाते, उन्हाळ्यात कामानं माझी कंबर मोडली, पण माणसं हसत येतात. त्याचं काही नाही.” त्या काउंटरवरची धूळ हाताने पुसत होत्या. “पण उस्ताज, समीहाचं सांगत होतात तेव्हा कुठे तारे मोजत होतात तुम्ही? ते काम तर झालं होतं ना? मूल नाही म्हणालात म्हणून दर शुक्रवारी नमाजानंतर मी तिचं नाव घेत होते. वर्षभर नसलेल्या बाईला मूल मागत होते मी!”

लुत्फीला म्हणायचं होतं की तुमच्यासमोर एकटा म्हणून बसायची लाज वाटली. म्हणायचं होतं की ती असती तर तशीच असती. तो फक्त म्हणाला, “चुकलं माझं.”

“खोलीची किल्ली घ्या,” इनायतबाई म्हणाल्या. “जेवण तयार झालं की हाक मारते.”

त्यांनी हाक मारली. भात गरम होता, मासळीचा मोठा तुकडा त्याच्याच ताटलीत होता, लिंबू कापून ठेवलं होतं. वाढताना कुठे हात आखडला नव्हता. पण खुर्ची ओढली गेली नाही. त्या स्वैपाकघरात गेल्या, आणि आतून एकटीच्या जेवणाचा, चमचा ताटलीला लागल्याचा आवाज येत राहिला. लुत्फीने सगळं संपवलं.

सकाळी त्याने किल्ली परत केली तेव्हा त्या मासळी आणायला निघाल्या होत्या. “सांभाळून जा,” म्हणाल्या. आणि फाटकाशी थांबून, मागे न बघता, “उन्हाळ्यात येऊ नका. तेव्हा मला बोलायला वेळ नसतो.”

पुढच्या कामाला लुत्फी पोर्ट सईदला गेला. काउंटरवरच्या मुलीने फोनमधून मान वर न करता विचारलं, “एकटेच का? घरचे नाहीत बरोबर?”

“एकटाच,” लुत्फी म्हणाला. “घरीही कुणी नसतं.”

मुलीने किल्ली पुढे सरकवली. “चौथा मजला. लिफ्ट उजव्या हाताला.”