पुतळाबाईची तुटलेली ओळ

काळूराम गायकवाड म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. इतका, की कधी कधी दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. कर्जतच्या एका कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी केली, कोंडाण्याजवळच्या वाडीतून रोज सायकलने गेला-आला, आणि कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही.

सत्त्याऐंशी साली बेघरांना घरासाठी जागा द्यायचं ठरलं. वाड्यावाड्यांवर फिरून काळूरामने यादी केली. पुरुषांची नावं एका ओळीत मावायची. विधवांची मावत नसत. बाईचं नाव, वारलेल्या नवऱ्याचं नाव, मुलं किती, सध्या कुणाच्या आश्रयाला, एवढं लिहीपर्यंत ओळ संपायची. दुसरा कुणी असता तर काटछाट करून मोकळा झाला असता. काळूराम उरलेला मजकूर खालच्या ओळीत लिहायचा आणि तिथलं नंबराचं घर कोरं ठेवायचा. बाईने सांगितलेलं एक अक्षरही गाळायला त्याचा हात धजायचा नाही.

त्या विधवांत त्याची थोरली बहीण होती, पुतळाबाई. नवरा सोमा खाणीत दगडाखाली गेला, तेव्हापासून एकवीस वर्षं ती भावाच्या पडवीत राहत होती. भावजय वाईट नव्हती. पण पडवी ती पडवीच, तिला ना दार ना भिंत. नाव यादीत गेल्याचं कळलं तसं पुतळाबाईने कशेळ्याच्या बाजारातून दाराची लोखंडी कडी आणली, फडक्यात गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली. घराचा पत्ता नाही आणि कडी तयार! वाडीतल्या बायांनी तिची खूप चेष्टा केली, तीही त्यांच्याबरोबर हसली.

यादी खोपोलीला, शिळफाट्यावरच्या एका कम्प्युटरच्या खोलीत गेली. तिथे हमिदा नावाची मुलगी ती यंत्रात भरायची. काळूरामने जिथे ओळ मोडली होती, तिथे पोरीनेही इमानेइतबारे मोडली. मग वरून निरोप आला, यादी नंबराप्रमाणे लावा. यंत्राने लावली, आणि बिननंबराच्या बासष्ट अर्ध्या ओळी उचलून सगळ्यात वर नेऊन टाकल्या. मूळ वही तोवर अलिबागला कुणाच्या तरी कपाटात जाऊन पडली होती. शेवटी काळूरामला बोलावणं आलं.

"काका, याला एका माणसाची एकच ओळ कळते," पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवर बोट ठेवत हमिदा म्हणाली. "तुटलेली दिसली की दोन्ही तुकडे बाद करतं. चूक माझीच."

"तुजी नाय गं पोरी. ओळ मी मोडली."

"शुक्रवारी दुपारी यादी न्यायला माणूस येणार. तोवर सगळ्या जोडायला हव्यात."

कुठला तुकडा कुणाचा, हे जगात एकट्या काळूरामला ठाऊक. 'दोन मुली, दिराकडे.' 'मुलगा आंधळा.' सोमवारी वाचता वाचता तो एका तुकड्यापाशी थांबला: 'मूलबाळ नाही, भावाच्या पडवीत वास्तव्य.'

"हा माज्या आक्काचा."

"मग हाच आधी जोडते," हमिदा म्हणाली.

"नको. घरचं शेवटी. उद्या कुणी म्हणायला नको, काळूरामने बहिणीचं साधून घेतलं."

आता काय बोलायचं अशा माणसाला? त्या कोंदट खोलीत बघायला कोण येणार होतं?

त्याने जिवाचं रान केलं. ज्यांचं नक्की आठवेना त्यांच्यासाठी संध्याकाळी सायकलने वाड्या गाठायचा. चंद्राबाईच्या मुली दोन की तीन, मोतीबाई दिराकडे की जावयाकडे. सकाळी पुन्हा शिळफाट्याला हजर. हमिदा एकेक तुकडा खाली नेऊन जिच्या तिच्या ओळीला जोडायची. शुक्रवारी साडेअकराला एकसष्ट ओळी सांधल्या गेल्या, हमिदाने बासष्टावी धरली, आणि वीज गेली.

वीज दोनला येईल असं कळलं. जीप साडेबाराला आली.

"एका ओळीसाठी थांबू होय?" न्यायला आलेला गृहस्थ म्हणाला. "पुरवणी यादीत घाला."

हमिदा काही बोलणार, तोच काळूरामने हाताने तिला गप्प केलं. ही माझी बहीण आहे, एवढे चार शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. यादीची फ्लॉपी पिशवीत गेली, जीप निघून गेली. आणि पुरवणी यादी कधी निघालीच नाही.

त्या संध्याकाळी पडवीत बसून काळूरामने बहिणीला सगळं सांगितलं. सांगता सांगता बावन्न वर्षांचा तो माणूस लहान पोरासारखा रडला. पुतळाबाई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"माज्या ओळीत काय लिवलं व्हतंस रं?" तिने विचारलं.

काळूरामने पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, "पुतळाबाई, कालकथित सोमा सोनावळे यांची पत्नी, पती खाणीत दगडाखाली मयत, मूलबाळ नाही, भावाच्या पडवीत वास्तव्य."

"एवढं?" ती म्हणाली. "नुस्तं पुतळा लिवायचं रं काळू. मी कुठं एवढी मोठी व्हते."

दोन वर्षांनी ती त्याच पडवीत वारली. दिवसकार्य उरकल्यावर तांदूळ काढायला काळूरामने डब्यात हात घातला, तेव्हा फडक्यातली कडी हाताला लागली. पडवीला दार नव्हतं, म्हणून ती बसवताही आली नाही.