हेळव्यांची वही आणि सोनालीची थुंकी

श्रीशैलअप्पा हेळवी दिवाळी झाली की आमच्या सोलापूरच्या घरी येतात. हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवणारे. अप्पांचे आजोबा बैलावर बसून यायचे, अप्पा मोटारसायकलवर येतात. सात पिढ्यांची नावं एका दमात म्हणतात, माझ्या नावाशी आले की मात्र थांबून विचारतात, "ह्यो अजून शिकतोयच व्हय?"

यंदा ते वहीची गाठ सोडत होते, तेव्हा माझी चुलतबहीण सोनाली मोबाईलवर फॉर्म भरत होती. तिनं डीएनए तपासणीचं किट मागवलं होतं. घरीच नळीत थुंकायचं, कंपनीला पाठवायचं, मग पूर्वज कुठले ते कळणार. आमच्या चुलतभावानं, अभिमन्यूनं, पुण्यात याच कंपनीची तपासणी केल्याचं तिला कळलं होतं, तेव्हापासून तिलाही हौस.

"अप्पा, तुमचा धंदा बसला बघा," मी म्हटलं.

"बसू दे की. काय काय विचारतीय ती कंपनी?"

फॉर्मात 'कुटुंबाची माहिती, ऐच्छिक' असा रकाना होता. ऐच्छिक हा शब्द आमच्या घराण्यात कुणाला लागू होत नाही. आमच्याकडं नाव विचारलं तर माणूस मामाचं गाव सांगूनच थांबतो. सोनालीनं एक्केचाळीस माणसं भरली होती, गाव, जन्मसाल आणि फोनसकट. अप्पांनी यादी कौतुकानं ऐकली, दोघांची जन्मसालंही दुरुस्त केली. रेश्माचं नाव आलं तसा मात्र हात वर केला.

रेश्मा आमच्या जोतिरामकाकांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिनं जातीबाहेर लग्न केलं. अभिमन्यू तिचा सख्खा भाऊ. 'सापडली तर सोडत नाही' हे त्याचं बोलणं त्यानं अजून मागं घेतलेलं नाही. ती कुठं राहते ते फक्त सोनाली आणि अप्पांना ठाऊक.

"ही यादी कोण बघणार?"

"कुणी न्हाय, अप्पा. ज्यांचं रक्त जुळतंय त्याच नातेवाइकांना दिसती."

"म्हंजे अभिमन्यूला."

सोनालीचा अंगठा 'पाठवा'वर होता. तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा तिनं तो उचलला.

"रेश्माच्या पोराचं नाव माझ्या वहीत हाय," अप्पा म्हणाले. "पर जोतिरामच्या दारात मी ते पान वाचत न्हाय. कुठलं दार कुणाचं, हे त्या कंपनीला कळतंय का?"

सोनालीनं सगळा फॉर्म पुसला. नातेवाईक जुळवणं बंद करायची सोयच त्या कंपनीत नव्हती, म्हणून नळी कचऱ्यात गेली. मग तिनं आणखी दोन कंपन्यांच्या अटी मोठ्यानं वाचल्या आणि अप्पा वकिलासारखे अडवत राहिले. थुंकी किती दिवस ठेवणार? नष्ट करा म्हटलं तर करणार? संशोधनाच्या नावाखाली दुसऱ्याला देणार? एक कंपनी पहिल्याच प्रश्नाला गळाली. दुसरीत जुळवणं मुळातच बंद होतं, संशोधनाला वेगळी परवानगी लागत होती, आणि मागणी केली की नमुना नष्ट.

"तोंडानं समदेच म्हणत्यात," सोनालीची आई मायाक्का म्हणाली. "लिवलंय का?"

"लिवलंय, आई."

"मग माझी ना न्हाय. निम्मं रक्त माझं हाय, पयलं मला इचारायचं हुतं."

सोनालीनं नवीन ईमेल काढला, या दुसऱ्या कंपनीच्या फॉर्मात फक्त स्वतःचं नाव घातलं. मग रेश्माला फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःच्या मूर्खपणासकट.

रेश्मानं आधी दोनच गोष्टी विचारल्या.

"आता त्यात माझं नाव हाय का?"

"न्हाय."

"गाव?"

"न्हाय. फोन बी न्हाय."

"मग थुंक की गं बिनधास्त," रेश्मा म्हणाली.