मलप्पाकाकांचं जाम इंजिन

निलंग्याजवळच्या आमच्या गावात मलप्पाकाका मोडकी वस्तू कधी टाकून देत नसत. ती दुरुस्तही होत नसे, हा भाग वेगळा. घरात न बोलणारा रेडिओ होता, न उघडणारी छत्री होती आणि गोठ्यात पोत्याखाली विहिरीवरचं डिझेल इंजिन होतं. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली. काका आणि सरस्वतीकाकू खडी फोडायला गेले आणि इंजिन तसंच पडून गंजलं. पुढं विहिरीला पाणी आलं, पण काका मोटेवरच भागवत राहिले.

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला त्या पावसाळ्यात मोटेचा म्हातारा बैल खाली बसला, तो उठलाच नाही. काका दोन दिवस जेवले नाहीत. मग पारावर नव्या जिल्ह्याचे पेढे वाटले, तेवढे खाऊन घरी आले.

"आता आपला सवताचा जिल्हा झाला. इंजिन चालू करायचं."

"आदी काय बिनजिल्ह्याचे होतो?" काकू म्हणाल्या.

"उस्मानाबाद लई लांब होतं."

निलंग्याचा मिस्त्री वीरण्णा आला. त्यानं चाकाला जोर लावला, पण ते हलेना. "काका, पिस्टन आत धरून बसलाय. भंगारात घाला." त्याला चहा मिळाला, पण साखर अगदी बेताची.

काकांनी स्वतःच इंजिनाचं डोकं खोललं आणि आत रॉकेल ओतलं. रोज थोडं ओतायचं, मग चाकात पहार अडकवून खाली ओढायचं. शेजारच्या साहेबरावांच्या सांगण्यावरून नारळही फोडला. खोबरं गोड निघालं, चाक जागेवरच.

एका दुपारी काकूंनी डबा हलवून पाहिला. चिमणीपुरतंसुद्धा रॉकेल उरलं नव्हतं. त्या तरातरा गोठ्यात गेल्या आणि पहारीला हात घातला.

"द्या इकडं! विहिरीतच टाकते."

"अगं, सोड!"

काका खाली ओढताहेत, काकू वर. दोघंही हट्टाला पेटलेले. तेवढ्यात काकूंची ओढ भारी पडली आणि इंजिनाच्या पोटात कर्रर्र झालं. दोघांनी वाकून पाहिलं. चाक बोटभर उलटं सरकलं होतं.

"तुमी हालवलं?"

"न्हाई गं," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी श्रेय नाकारलं. "तू वढलीस. म्या निस्तं खालीच दाबून राहिलो होतो. आता वढ अजून. मग मी."

एकदा वर, एकदा खाली असं करत दोघांनी चाक पुरतं मोकळं केलं. वीरण्णाला पुन्हा बोलावलं. त्यानं पिस्टन घासून नव्या रिंगा घातल्या. या वेळी चहात साखर इतकी, की बिचाऱ्याला तो पिववेना.

विहिरीवर इंजिन बसवलं. काकांनी हँडल मारलं. काळा धूर सुटला, पाइपाचा जोड निसटला आणि साहेबरावांचं पांढरं धोतर चिंब झालं. जोड आवळल्यावर पाणी पाटानं धावलं. काकू पाटात पाय सोडून बसल्या. दुष्काळात याच विहिरीच्या तळाशी उतरून त्यांनी वाटीनं घागर भरली होती. काका काहीतरी ऐटीत बोलणार होते, पण त्यांच्याकडे बघून पाइपाचा जोड पुन्हा आवळायला वळले.

दिवस कलला. वाफे भरून पाणी आमच्या शेतात शिरलं, तरी काका इंजिन बंद करीनात.

"अवं, करा की बंद."

"आन् परत चालू न्हाई झालं तर?"

"तर मी हाय की," म्हणत काकू पाटातून उठल्या आणि त्यांनीच इंजिन बंद केलं.